चुकीचा नंबर

"'शिंप्याचं दुकान का?' एवढंच विचारायची तुझी आत्या," म्हातारा छापखानेवाला म्हणाला. "मी म्हणायचो, 'बाई, चुकीचा नंबर लागलाय.' फोन ठेवला की मागच्या दारानं पसार! धाड पडायची तेव्हा तिथं चिटपाखरूही नसायचं."

समोर बसलेली नर्स ऐकतच राहिली. तिची आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लष्करी राजवटीत साहेबांचे कॉल जोडायची, म्हणून घरात तिला 'सरकारची बाई' असे टोमणे मिळत. नर्सच्या वडिलांनी तर सख्ख्या बहिणीशी मरेपर्यंत अबोला धरला. आत्यानं कधी चकार शब्द काढला नाही. पण मागच्या महिन्यात आत्याची एक जुनी मैत्रीण नर्सच्याच वॉर्डात दाखल झाली आणि बोलता बोलता चोरून सरकारविरोधी पत्रकं छापणाऱ्या छापखान्याचा विषय निघाला. तेव्हापासून नर्सनं छापखानेवाल्याचा पिच्छा पुरवला होता.

"शेवटच्या वेळचं काय सांगू..." म्हातारा घुटमळला. "त्या दुपारी दोन जागी धाड होती. आमच्यावर आणि एका मास्तरच्या खोलीवर. आम्ही सातआठ जण आत होतो, मास्तर एकटा. तिनं आधी आम्हाला फोन लावला. दुसरा लावणार, तोच सुपरवायझर पाठीशी येऊन उभा राहिला."

"आणि मास्तर?"

"नेला. परत आला नाही." त्यानं चष्मा काढून पुसला. "त्यांचं लग्न ठरलं होतं, पोरी. तुझ्या आत्याचं नि त्याचं."

नर्स तिथून थेट आत्याकडे गेली. आत्या खिडकीशी बसून उशीचा उसवलेला अभ्रा शिवत होती.

"छापखानेवाल्यांना भेटून आले," नर्स म्हणाली.

सुई थांबली.

"बाबांना का नाही सांगितलंस गं? मरेपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत."

"मास्तर त्याचा जिवाभावाचा मित्र," आत्या म्हणाली. "सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, आधी तिकडे का नाही लावलास? त्यापेक्षा सरकारची बाई म्हणून रागावला, ते बरं झालं."

नर्सला हुंदका आवरेना. आत्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, जणू सांत्वनाची गरज तिलाच होती.

मग जरा चाचरत, आजवर हे विचारायचं धाडसच झालं नव्हतं अशा आवाजात आत्यानं विचारलं, "छापखानेवाल्याला मुलंबाळं?"

"तीन. नातवंडंही आहेत."

आत्यानं शिवण बाजूला ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली.

"सांग," ती म्हणाली. "थोरल्यापासून सगळं सांग."