पहिला आठवडा नुसतं ऐकायचं

"बाई, केसातली ती पिन राहिली."

"राहू दे की. इवलीशी तर आहे."

"इवलीशीच जास्त जोरात उडते. आत चुंबक आहे. द्या इकडे."

बाईंनी डावा हात डोक्याकडे नेला. उजवा मांडीवर नुसता पडून होता. पिन काही निघेना, तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी ती काढून माझ्या हातातल्या ट्रेमध्ये टाकली. घड्याळ आणि चष्मा आधीच काढून ठेवलेले होते.

सव्वीस वर्षं मी एमआरआयच्या मशीनवर काम करतोय. ज्या खोलीत धातूची टाचणीसुद्धा नेता येत नाही, त्या खोलीत जन्मभर मेटल, म्हणजे ड्रम-गिटारचं दणदणाटी संगीत, ऐकत आलेला माणूस. दैवाला विनोद कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्याकडे येऊन जावं.

सूनबाई मला दाराशी घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आजची तिसरी खेप आहे हो. पहिल्यांदा दोन मिनिटांत बाहेर आल्या. दुसऱ्यांदा आत जायलाच तयार नव्हत्या. मानेतली नस दबलीये. उजव्या हाताची बोटं निकामी होत चाललीत त्यांची. आजचा फोटो नीट आला नाही, तर ऑपरेशन पुढे जाईल, आणि गेलेली ताकद परत यायची नाही म्हणाल्यात डॉक्टर."

"भूल देऊन?"

"दमा आहे ना. भूल एकदाच द्यायची, ती ऑपरेशनलाच." त्या क्षणभर थांबल्या. "घरी बटणं मी लावते त्यांची. लावताना त्या भिंतीकडे बघत उभ्या राहतात. मला फार कसंतरी होतं."

मी मान डोलावली. आधीच्या दोन्ही खेपांना माझी सुट्टी होती. आज सकाळी यादीत नाव वाचलं आणि ओळखलं. त्यांनी मात्र अजून मला ओळखलं नव्हतं. ओळखणार कशा? तेव्हा माझे केस खांद्यापर्यंत होते. आता डोक्यावर आहेत त्यांची हजेरी घेता येईल.

टेबलावर झोपवून त्यांच्या गुडघ्यांखाली उशी सरकवली, तर माझा हात सवयीने टेबलाच्या कडेवर वाजला. बाईंनी डोळे किलकिले केले.

"धडाम?"

पस्तीस वर्षांनी मला कुणीतरी त्या नावानं हाक मारली.

"हो बाई. धडामच."

"टेबल कशाला बडवतोस रे मेल्या! अजून सवय गेली नाही?"

आम्ही चौघं होतो. दोन गिटारवाले, एक बेसवाला आणि ड्रमवर मी. आम्हाला गॅरेजमधून हाकललं, गच्चीवरून हाकललं, बेसवाल्याच्या मामांनी तर गोदामातून आमचं सामान स्वतःच्या हातानं बाहेर आणून ठेवलं. शेवटी बाईंच्या टायपिंग क्लासच्या वरच्या मजल्यावरची अडगळीची खोली मिळाली. मोडक्या टाइपरायटरांच्या ढिगाशेजारी आम्ही ड्रम मांडले. खाली वीस मुली वीस मशिनं खडखडवत बसायच्या. "खाली आमचा आवाज, वर तुमचा. आवाजाला आवाज काय भिणार?" असं म्हणून बाईंनी किल्ली दिली होती. अख्ख्या गावात आम्हाला किल्ली देणारं ते एकच माणूस.

आम्ही थ्रॅश वाजवायचो. थ्रॅश म्हणजे मेटलमधला संतापी भाऊ. धावत यायचं, धावत बोलायचं, धाडकन दार लावून जायचं. पण गाणं ऐन रंगात आलं की खालून ठक ठक ठक. वरच्या खिडक्या उघडायची लांब काठी बाई छताला मारायच्या. आम्ही ओशाळून वेग कमी करायचो. पुन्हा ठक ठक. आणखी कमी. असं करत करत वर्षभरात आम्ही डूमवर येऊन पोचलो. डूम सगळ्यांत संथ. एकेक ठोका म्हणजे जड कपाट सरकवल्यासारखा. लोक म्हणायचे, तुमची शैली वेगळी आहे. कसली शैली! काठीचा धाक होता.

शेवटच्या वर्षी ते ठोकणं एकदम थांबलं. आम्हाला वाटलं, बाईंनी हात टेकले. पुढे नोकऱ्या लागल्या, टाइपरायटर गेले, क्लास बंद झाला. बेसवाला आता नाही. गिटारवाल्यांपैकी एक चष्म्याच्या दुकानात असतो, दुसऱ्याचा पत्ता नाही.

"बाई, इतकी वर्षं मनात आहे," मी त्यांच्या मानेभोवती साचा बसवत म्हणालो. "आमचा त्रास फार झाला तुम्हाला. त्याबद्दल माफी मागायची राहिली."

"त्रास कसला?"

"काठी मारायचात ना. बंद करा म्हणून."

"बंद करायचं असतं तर वर आले असते. जिना होता की." बाईंना मान हलवता येत नव्हती, म्हणून त्या छताला उद्देशून बोलत होत्या. "तुझा हात पळायचा. सुरुवात बरी करायचास, मग पळत सुटायचास. माझ्या मुली तुझ्या ठेक्यावर टाइप करायच्या. तू पळालास की त्या पळायच्या, आणि चुकांचा हा पाऊस! परीक्षा तुझी नव्हती, त्यांची होती."

मी हातातला पट्टा घेऊन तसाच उभा राहिलो. चार मुलांनी एका काठीवरून अख्खं संगीत बदललं, आणि त्या काठीचं म्हणणं एवढंच होतं की ड्रमवाल्या, हात आवर.

हसू आलं. पण बाईंच्या ओठांवरचं हसू तेवढ्यात गेलं होतं. टेबल वर सरकायला लागलं होतं.

"धडाम, मला नाही जमणार रे."

"जमेल. हा रबरी गोळा डाव्या हातात धरा. दाबलात की घंटा वाजेल आणि मी तुम्हाला बाहेर काढीन. कानात गाणं लावू? इथे बासरी आहे."

"बासरी नको. दवाखान्यात बासरी लागली की वाटतं, आता वाईट बातमी सांगणार."

"मग मशीनचंच ऐका. हे स्वतःच वाजतं. मी इथून सांगत राहीन, आता काय येतंय ते."

काचेपलीकडे जाऊन मी माइकचं बटण दाबलं. "बाई, पहिलं छोटं. नुसती जुळवाजुळव." मशीन खुडबुडलं. "आता डूम. चार मिनिटं."

बोगद्यातून बाईंची पावलं तेवढी दिसत होती, राखाडी मोज्यांतली. डूम संपलं. घंटा वाजली नाही. पडद्यावर मानेचे मणके एकाखाली एक नीट आले. सूनबाई माझ्या मागच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.

मी चेकाळलो. माणूस चेकाळतो तो असाच. "बाई, आता थ्रॅश! तुमच्या मुलींचं आवडतं! ऐका, ठेका कसा सरळ चालतो ते!"

आणि मशीन थ्रॅशमध्ये शिरलं. दोन्ही पायांनी ड्रम मारल्यासारखा तो खडखडाट पाच मिनिटं चालला. संपल्यावर पडद्यावर बघतो, तर बाईंची मान पाण्यातल्या सावलीसारखी हललेली. एकही मणका धड नाही.

भीतीनं थरथरलेला फोटो मी हजारदा बघितलाय. हा तसा नव्हता. ह्याच्यात ताल होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई मेटलच्या तालावर मान हलवत होत्या, आणि त्यांना त्या नादाला लावणारा मी होतो. सव्वीस वर्षांची नोकरी, आणि ही अक्कल!

"बाई, मान हलली."

"कुठे? अर्धा इंच."

"अर्धा इंच फार झाला. ठेका धरलात तुम्ही."

"मग? ठेकाच तसा होता." मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे पुन्हा करायचं? पहिल्यापासून?"

"एवढंच एक. आणि मग उरलेली दोन."

"नाही रे. छाती भरून येतेय. मला बाहेर काढ."

सूनबाई उठून काचेशी आल्या. मी टेबल बाहेर आणायच्या बटणावर बोट ठेवलं. काढलं असतं तर त्या पुन्हा आत गेल्या नसत्या, हे मला कळत होतं. आणि जबरदस्ती मी कधी कुणावर केली नाही.

"काढतो, बाई. आत्ता काढतो. एक सांगा फक्त. नवी मुलगी क्लासला आली की पहिला आठवडा तिला काय करायला लावायचात?"

"ही काय विचारायची वेळ आहे?"

"सांगा तरी."

त्यांची धाप हळूहळू खाली आली.

"मशीनवर फडकं टाकून बसवायची तिला. रिकामे हात मांडीवर. बाकीच्यांचं नुसतं ऐकायचं."

"आणि बोट हललं तर?"

"तर आठवडा पुन्हा पहिल्यापासून."

माझं बोट बटणावरच होतं.

"लबाड आहेस," आतून आवाज आला. "कुणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच. मी तुमचा छतावरचा विद्यार्थी."

मग काहीतरी किंचित खसफसलं.

"लाव," बाई म्हणाल्या.

मी लावलं. पाच मिनिटांचा थ्रॅश. मग एक चिरका, एका सुरात घोंघावणारा, ज्याला मी मनात ब्लॅक मेटल म्हणतो. मग शेवटचा, तुकड्यातुकड्यांत थांबत, वळणं घेत जाणारा. प्रोग्रेसिव्हवाले असंच करतात, संपलं म्हणावं तर पुन्हा सुरू. ह्या वेळी मी मध्ये एक अक्षर बोललो नाही. माझा पाय टेबलाखाली ठेका धरत होता. लक्षात आलं तेव्हा तो थांबवला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि शाळेतल्यासारखा सरळ बसलो. पलीकडे बाई ऐकत होत्या, अलीकडे मी. राखाडी मोजे शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत.

पडद्यावर मणके आले. रेषा न् रेषा स्वच्छ. चौथ्या-पाचव्याच्या मध्ये नस जिथे चिमटली होती, ती जागासुद्धा बोट ठेवून दाखवता यावी इतकी. सूनबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, पण माझं तोंड बघून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मी आत गेलो. टेबल हळूहळू बाहेर आलं.

"शेवटपर्यंत हात पळाला नाही हं," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

"ते मशीन होतं, बाई."

"ते कळतं मला. तुझाही नंतर पळायचा बंद झाला होता. शेवटचं वर्षभर मी काठीला हात लावला नाही. तुमच्या लक्षात नाही आलं?"

आलं होतं. त्याचा अर्थ मात्र पस्तीस वर्षांनी कळला. मशीनचा पंप एक ठोका चुकला तर कंपनीच्या माणसाआधी मला ऐकू येतो, आणि सगळे विचारतात, कसं काय बुवा? काय सांगायचं त्यांना? मी बाईंना म्हणालो, "बाई, तुमचे उपकार आहेत माझ्यावर." असं बोलायची मला सवय नाही. शब्द जरा मोठ्यांदाच निघाले.

"बरं बरं. हा साचा काढ आधी. नाकाला खाज सुटलीये केव्हाची."

मी साचा काढला, अंगावरची चादर बाजूला केली. दोन्ही हात पोटावर, तळवे खाली, बोटं किंचित वाकलेली. दुखरा उजवाही तसाच, डाव्याच्या शेजारी. रबरी गोळा मात्र हातात नव्हता. तो पार टेबलाच्या कडेला, त्यांचा हात पोचणार नाही इतक्या लांब सरकवलेला होता.

"बाई, हा का सोडलात? घाबरला असतात तर?"

"पहिल्या आठवड्यात हातात काही धरायचं नसतं," बाई म्हणाल्या, आणि उठवायला मला हात दिला.