स्पष्टबाबा आणि मनाचे टाके

"नाक आलं!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि मागच्या रांगा खुर्च्यांवर उभ्या राहिल्या.

पांढऱ्या पडद्याच्या फटीतून एक मोठा कागद हळूहळू बाहेर सरकत होता. आधी केस आले, मग कपाळ, मग डोळे. पडद्यासमोर स्पष्टबाबा डोळे मिटून बसले होते आणि अख्खं सभागृह एका सुरात म्हणत होतं, "स्पष्ट हो, स्पष्ट हो!" ओठ आले, हनुवटी आली, आणि आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर "बाबा!" असा हंबरडा फोडून पुढे धावले. हे बाबा म्हणजे त्यांचे वारलेले वडील.

डॉक्टरांनी दिलेला मूळ फोटो मी पाहिला होता. फोनवरचा, अंधारातला, चेहऱ्याच्या जागी नुसता एक पुसट डाग. त्यातून हा पापण्यांचे केस मोजता येतील असा चेहरा! बायका पदराला डोळे पुसत होत्या. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. तेवढ्यात मंत्राच्या गलक्यातून पडद्यामागचा एक आवाज कानावर पडला आणि काटा जागच्या जागी बसला. मोठा प्रिंटर कागद ओढताना करतो ना, तो 'खर्रक्'. तो मी झोपेतही ओळखेन. माझा स्वतःचा छापखाना आहे.

छापखान्यात माझा निम्मा दिवस 'नाही' म्हणण्यात जातो. लोक या फोनवरून त्या फोनवर ढकलून ढकलून झिजलेला फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "ताई, याचा दारावर लावायला मोठा बॅनर करा." मी सांगते, फोटो म्हणजे रंगीत ठिपके. फोनच्या एवढ्याशा काचेवर थोडे ठिपके पुरतात, कागदाला मात्र इंचाइंचात शेकडो लागतात. हा ताणला तर आजोबांच्या गालावर फरश्या बसवल्यासारखं दिसेल. पूर्वी लोक निदान भांडायचे तरी. स्पष्टबाबा आल्यापासून माझी कीव करतात. "तुमची साधना कमी पडते, ताई," परवा एक गिऱ्हाईक मला समजावून गेलं.

बाबांचं म्हणणं सोपं होतं. "चेहरा फोटोतच असतो, बाळांनो! तो फक्त लाजतो. ठिपका ठिपक्याला दुरावलाय, मी त्यांची गळाभेट घडवतो." मग फोन रेशमी कापडात गुंडाळून पडद्यामागे जायचा. तिथे बाबांचा पट्टशिष्य बसलेला. इकडे जप, तिकडे खर्रक्. दक्षिणा ज्याच्या त्याच्या मनावर; फक्त मनं कुणाचीच लहान नव्हती.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण त्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी मावशी बसली होती आणि तिची नजर त्या कागदावरून हलत नव्हती.

मावशी शाळेत भरतकाम शिकवून निवृत्त झाली. काका गेले गेल्या वर्षी. काका म्हणजे फोटोचे हाडवैरी. कॅमेरा दिसला की यांच्या चपला हरवायच्या. कचेरीतल्या एका समारंभाच्या गटफोटोत ते सापडले तेवढेच, तेही कडेला, दार गाठायच्या बेतात. तो फोटो दहा फोन फिरून मावशीकडे आला. त्यातला काकांचा तुकडा तिने कापून ठेवला होता; बाकीचा फोटो आता कुणाकडेच नव्हता. नखाएवढा. तेवढाच काय तो संसाराचा पुरावा. तो भिंतीवर मोठा करून लावायचा तिचा हट्ट होता आणि मी छापखान्यातलंच उत्तर दिलं होतं, "नाही होणार." त्यावर ती आठवडाभर माझ्याशी धड बोलली नव्हती.

घरी आल्यावर तिने पाणीही प्यायलं नाही. "पुढच्या बैठकीत माझा नंबर लावलाय," ती म्हणाली. "फक्त एक अट आहे. नवा चेहरा आला की जुना फोटो तिथेच पुसायचा. एक आत्मा दोन घरांत राहत नाही, म्हणाले."

"पुसायचा?" मी उडालेच. "मावशी, तेवढा एकच तर आहे!"

"तो काय फोटो आहे? डाग आहे नुसता. ह्यांचे डोळे दिसत नाहीत त्यात."

"आणि पुसल्यावर नवा चेहरा ताडून बघशील कशाशी? म्हणून तर पुसायला लावतात!"

"तुझं म्हणजे सगळ्यात काहीतरी काळंबेरं. डॉक्टरांसारखा शिकलेला माणूस रडला ना?"

"रडणाऱ्याला शिक्षण आडवं येतं का?"

तिच्या खुर्चीवर फुलीच्या टाक्यांनी भरलेला रुमाल होता, चौकटी मोजून भरलेला मोर. मी तो उचलला. "हा मोर चादरीएवढा कर म्हटलं तर काय करशील?"

"टाके मोठे घेईन."

"आणि डोळ्यात बाहुली दिसायला हवी म्हटलं तर?"

"एकाच टाक्याचा डोळा आहे तो. बाहुली आणू कुठून? नमुन्यात नाही ती." तिच्या आवाजात वर्गातली जरब आली. "एखादी मुलगी आपल्या मनाने भरत सुटायची. छान दिसायचं, पण मी उसवायला लावायचे. मनाचे टाके घालायचे नाहीत."

"बाबा तेच घालतात, मावशी."

तिने रुमाल माझ्या हातून काढून घेतला. पण नंबर काही तिने रद्द केला नाही. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. एका बोटाच्या स्पर्शाने काका दुसऱ्यांदा जाणार होते.

मी गल्लीत घरोघर फिरून बाबांनी काढलेले चेहरे बघून आले. कुणाची सासू, कुणाचा भाऊ, कुणाचे आजोबा. एकेकटा बघितला तर देखणा. ओळीने बघितले तर सगळ्यांच्या डाव्या गालावर तोच उजेड, सगळ्यांची तीच तुकतुकीत कातडी, तेच एकसारखे पांढरेशुभ्र दात. आमच्या गल्लीतले सगळे वारलेले लोक सख्खी भावंडं होते आणि हे त्यांच्या आईवडिलांनाही ठाऊक नव्हतं!

मग मला सभागृहाबाहेरचा बॅनर आठवला. बाबांच्या दाढीधारी मुखकमलाचा तो बॅनर माझ्याच छापखान्यात झाला होता. पट्टशिष्याने आधी फोनवरचा बारका फोटो पाठवला होता. मी नेहमीप्रमाणे 'नाही होणार' कळवलं. तर दुसऱ्या दिवशी स्वारी कॅमेऱ्यातला मूळ, भला मोठा फोटो घेऊन हजर! साऱ्या गावाच्या ठिपक्यांची गळाभेट घडवणारे बाबा, स्वतःच्या ठिपक्यांच्या वेळी मात्र मुकाट्याने कॅमेऱ्याकडे गेले. तो मोठा फोटो माझ्याकडे अजून होता. मी तो लहान केला, आणखी लहान केला, काकांच्या तुकड्याएवढा नखाएवढा केला, आणि बैठकीला गेले.

"मावशीच्या आधी माझं करा ना, बाबा," मी शक्य तितका रडवेला चेहरा केला. "माझ्या वडिलांचे मामा. एवढाच फोटो उरलाय."

बाबांनी फोनवर हात ठेवला, डोळे मिटले. "फार मोठा आत्मा! लाजतोय. म्हणा, स्पष्ट हो!"

सभागृह म्हणू लागलं. खर्रक्. केस आले. कपाळ आलं. गुबगुबीत गाल आले, पांढरेशुभ्र दात आले. दाढीचं काय झालं असेल ही मला फार उत्सुकता होती. दाढीचा मफलर झाला होता! गळ्याभोवती गुंडाळलेला छान काळा लोकरी मफलर.

"अहाहा," बाबा कागदाकडे बघून म्हणाले. "किती सोशिक माणूस! जन्मभर खोकल्याने छळलं बिचाऱ्यांना. म्हणून हा मफलर."

"म्हणजे हेच ते? नक्की?"

"शंका घेऊ नकोस, मुली. मी त्यांना समोर बघतोय."

"तुम्ही त्यांना रोज आरशात बघता, बाबा," मी म्हटलं, आणि कागदाबरोबर परत आलेल्या माझ्या फोनवर मोठा फोटो उघडून वर धरला. मग तोच लहान करत करत पुन्हा त्या डागावर आणून दाखवला. पुढच्या रांगेने फोनकडे पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या बॅनरकडे, मग बाबांकडे. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

बाबा डगमगले नाहीत. "ही... ही माझी मागच्या जन्मीची छबी आहे!"

"मागच्या जन्मी कॅमेरा होता?" मावशी उठून उभी राहिली होती. मी पुढे होऊन पडदा बाजूला सारला. मागे पट्टशिष्य, एक कंप्युटर, एक प्रिंटर आणि अर्धवट खाल्लेलं केळं.

मी लोकांना सांगितलं, यात जादू नाही. या कंप्युटरमधल्या प्रोग्रॅमला लाखो परक्या माणसांचे चेहरे दाखवलेले असतात. डाग दिला की 'असा डाग कुठल्या चेहऱ्याचा असू शकेल' असा तो अंदाज बांधतो. हरवलेले ठिपके तो शोधत नाही, नवे रचतो. तो प्रोग्रॅम खोटारडा नाही. त्याच्या अंदाजाकडे बोट दाखवून 'हेच तुमचे वडील' म्हणणारा खोटारडा.

दातांचे डॉक्टर पुढे आले. "माझ्या वडिलांची कवळी मीच बसवली होती," ते सावकाश म्हणाले. "पहिलीच कवळी माझी. समोरून जरा तिरकी झाली. ते शेवटपर्यंत तशीच घालून हसायचे. इथून नेलेल्या फोटोतले दात सरळ आहेत... आणि मला ते दिसलं नाही हो!" त्यांनी मूळ फोटो पुसला होता.

मावशीने नंबरासाठी बाबांसमोर ठेवलेला आपला फोन उचलला. "मनाचे टाके," ती एवढंच म्हणाली आणि चालू लागली. बाबांनी त्याच संध्याकाळी गाव सोडलं. बॅनर तेवढा राहिला.

काकांचा फोटो आम्ही छापला. ताणला नाही. थोडा उजळवला आणि जेवढे ठिपके होते तेवढ्यांना झेपेल एवढाच, पोस्टाच्या तिकिटाएवढा ठेवला. भोवती मोठा कोरा पुठ्ठा आणि मग फ्रेम. लांबून काहीच कळत नाही. जवळ गेलं की दार गाठायच्या बेतातले काका दिसतात, तेही अंधुक.

वाचकहो, धूसर गोष्ट कुणी लख्ख करून दाखवली तर हरखून जा, पण एक विचारा, हे नवीन आलं कुठून? आणि मूळ पुसायला सांगितलं तर तिथून सरळ उठा. दुःखात असताना विचारणं अवघड असतं, मान्य. तेव्हा आपल्या वतीने विचारणारं कुणीतरी शेजारी बसलेलं असू द्या.

परवा डॉक्टर मावशीकडे आले होते. फ्रेमपाशी नाक नेऊन बराच वेळ उभे राहिले. "डोळे दिसत नाहीत हो यात," ते हळूच म्हणाले.

"नाही दिसत," मावशी मोराचे टाके मोजत म्हणाली. "ते मला पाठ आहेत."