कार्पोची पापणी

मालिनाव गावात वडीलधाऱ्या माणसाचा हात आपल्या कपाळाला लावल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. कार्पोच्या दारात तर जरा जास्तच वाकतात, कारण कार्पोच्या पापणीवर अर्धं गाव जेवतं. तळ्यात बदकं, बदकांना तळ्यातल्याच गोगलगाई, त्यांची अंडी कार्पोकडे, आणि सतरा दिवसांनी पिल्लू धरलेली तीच अंडी उकडून, मीठ-व्हिनेगरबरोबर संध्याकाळी रस्तोरस्ती. "बालूऽत" ही हाळी ऐकून ज्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही, तो मालिनावचा नव्हेच.

मधले सतरा दिवस उबेचे. कार्पोची बायको रुफिना सकाळ-संध्याकाळ मोठ्या कढईत साळ तापवते, पिशव्यांत भरते आणि कणगीत एक थर साळीचा, एक अंड्यांचा असं रचत जाते. ऊब कमी पडली तर पिल्लू धरत नाही, जास्त झाली तर आतल्या आत मरतं. ते ठरवणार कार्पो. अंडं मिटलेल्या डोळ्यावर टेकवायचं, क्षणभर थांबायचं, मग "हं" नाहीतर "अजून". तीस वर्षं हेच. लग्नानंतर नव्या नवलाईत रुफिनाने एकदा स्वतः अंडं डोळ्याला लावलं, तेव्हा तो हसला होता. "तुझ्या पापण्या चुलीने भाजल्यात. त्यांना काय कळणार?" तीही हसली. वाईट वाटलं ते साळीबरोबर परतून टाकलं.

त्या मंगळवारी आठ कणग्या भरलेल्या होत्या, सगळ्या गावच्या संताच्या जत्रेसाठी. तिसरा दिवस होता. ही अंडी गेली तर नवी भरायला वेळ उरला नव्हता, आणि जत्रेला मालिनावकरांनी दुसऱ्या गावची अंडी विकत आणायची म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच.

कार्पोने अंडं डोळ्याला लावलं. "थंड आहे. साळ तापव."

रुफिनाने तापवली, पिशव्या बदलल्या. तासाभराने पुन्हा तेच. "अजून थंड."

"माझ्या हाताला तर बरी लागतायत."

"तुझा हात कढईचा. तापव म्हणतो ना."

तिने दोन कणग्यांत आणखी गरम पिशव्या सारल्या. तेवढ्यात बदकवाला डेल्फिन ताजी अंडी घेऊन आला आणि रिवाजाप्रमाणे त्याने कार्पोचा हात कपाळाला लावला. वडीलधाऱ्या पुरुषाला गावात तातांग म्हणतात, बाईला नानांग.

"तातांग, हात केवढा तापलाय तुमचा."

"चुलीपाशी आहे."

"मग नानांग, अंडी तातांगच्या बगलेतच ठेवा. साळ तरी वाचेल." डेल्फिन हसत निघून गेला.

रुफिना हसली नाही. कार्पो सकाळपासून चुलीकडे फिरकलाही नव्हता. त्याला ताप कधी येत नसे, म्हणजे आलेला तो कबूल करत नसे.

कार्पोने तिसऱ्यांदा अंडं लावलं. "थंडच. या खेपेला कडक तापव, सगळ्या कणग्यांना."

हातात झारा धरून ती उभी राहिली. ऐकलं तर आठही कणग्या शिजणार. नाही ऐकलं आणि आपलंच चुकलं, तर जत्रा बुडवल्याचा बोल जन्मभर आपल्या माथी. आणि चुकलं नाही तरी काय? ज्या एका गोष्टीसाठी गाव या माणसापुढे वाकतं, तिलाच हात घालायचा. तिला भीती वाटली, आणि त्याची दयाही आली. तिने चुलीतली लाकडं ओढून बाजूला केली.

"काय करतेस?"

तिने त्याच्या हातातलं अंडं काढून घेतलं आणि आपल्या पापणीला लावलं. चांगलं ऊबदार होतं, हवं त्याहून जरा जास्तच. मग तिने तळवा त्याच्या कपाळावर ठेवला.

"अंडं थंड नाही, कार्पो. तू तापलायस."

त्याने हात झटकला. "तीस वर्षं ही पापणी..."

"तीस वर्षं मीही इथेच आहे. पापणी चांगलीच आहे. आज तिला ताप आहे, एवढंच."

तो पोत्यावर बसला. पोरासारख्या आवाजात त्याने विचारलं, "मग त्या दोन कणग्या?"

"पिशव्या काढतेय," रुफिना म्हणाली. ती काढतच होती.

पाच दिवस तो अंथरुणावर होता. आतल्या खोलीतून विचारायचा, "कशी आहेत?" रुफिना अंडं डोळ्याला लावून सांगायची, "हं." कणग्या भरल्याच्या सातव्या दिवशी तिने अंडी दिव्यासमोर धरून पाहिली. त्या दोन कणग्यांतली बरीचशी गेली होती. बाकीच्या सहांत लाल शिरा धरल्या होत्या. त्यातलं एक अंडं आणि दिवा ती त्याच्या उशाशी घेऊन गेली. त्याने खूप वेळ पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बरा झाल्यावर पहिल्याच सकाळी तो कणग्यांपाशी आला. डेल्फिनही अंडी घेऊन आलेला होता. कार्पोने अंड्याकडे हात नेला आणि थांबला. मग तो चुलीपाशी गेला, वाकला, रुफिनाचा काजळी लागलेला हात धरून त्याने आपल्या कपाळाला टेकवला.

डेल्फिनला हसू आवरेना. "काय तातांग, नानांग तुमच्याहून वडील कधी झाल्या?"

कार्पोने कपाळ तिच्या हातापासून हलवलं नाही. "सांग," तो रुफिनाला म्हणाला.

"थंड आहेस."

तेव्हा कुठे त्याने अंडं उचलून डोळ्याला लावलं, आणि "हं" म्हणायच्या आधी तेच अंडं तिच्या पापणीपुढे धरलं.