माझ्या सुईवरचा जोर

मित्रांनो, मी एक जुना कार्बोरेटर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल, कारण नव्या गाड्यांत मला जागा उरलेली नाही. आता तर माझा एक कोपरा वितळला आहे आणि अंग काळे पडले आहे. तरीही माझी हकीकत तुम्ही ऐकावी असे मला वाटते, कारण ती अजून संपलेली नाही.

हवेत पेट्रोल मिसळून ते इंजिनाला पाजणे हे माझे काम. माझ्या पोटात एक लहानशी वाटी आहे. तिच्यात पेट्रोल साठते. वाटी भरली की आतला पोकळ तरंगता गोळा वर येतो आणि एक बारीक सुई वरच्या भोकात बसवतो. तेवढ्याने पेट्रोल थांबते. ही सुई म्हणजे माझे दार. पेट्रोल हळू आले तरच ते दार त्याला अडवू शकते.

माझी पहिली बारा वर्षे पुसेगावच्या माणिकरावांच्या गाडीत गेली. तिथे पेट्रोल आणणारा पंप इंजिनावरच बसवलेला होता. तो हलकेच ढकलायचा आणि इंजिन थांबले की आपोआप थांबायचा. माणिकराव दरवर्षी मला उघडून ब्रशने साफ करत, माझ्या बारीक छिद्रांत फुंकर मारत आणि म्हणत, “हा चांगला, तर गाडी चांगली.” ते शब्द ऐकून मला केवढे बरे वाटायचे!

पुढे ती गाडी भंगारात गेली. मी सेनगावजवळच्या गोरेगावच्या विश्वंभर मिस्त्रींच्या गॅरेजात आलो आणि गंजक्या बोल्टांसोबत एका डब्यात पडून राहिलो. किती वर्षे, ते मला सांगता येणार नाही. माझ्या अंगावर कोळ्यांनी जाळी विणली.

मग गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस जवळच्या तांड्यावरचा प्रेमदास आपली व्हॅन ओढून घेऊन आला. व्हॅन इंजेक्शनची होती, म्हणजे तिच्यात पेट्रोलचे सगळे काम एक कॉम्प्युटर पाहायचा. उंदरांनी वायरी कुरतडल्या आणि तो जळाला. तसला दुसरा कुठे मिळत नव्हता.

“मिस्त्री, कायबी करा, पन गाडी चालू करून द्या,” प्रेमदास म्हणाला. “हळदीचा हंगाम सुरू झाला. शेतावर जायला तांड्यावरच्या बाया वाट पाहून राहिल्या.”

विश्वंभर मिस्त्रींनी डब्यातून मला उचलले. “कॉम्प्युटर काढून टाकू. हा जुना कार्बोरेटर बसवतो. पन एक काम बाकी राहील.”

“कोनतं?”

“तुझ्या टाकीतला पंप इंजेक्शनचा हाय. लई जोरानं फेकतो. ह्याला एवढा जोर सोसत न्हाई. कमी जोराचा पंप लावावा लागल. न्हाईतर मधात रेग्युलेटर बसवून जास्तीचं पेट्रोल टाकीत परत सोडावं लागल. सामान नांदेडहून येईल. आठ दिवस धर.”

“आठ दिवसांत शेतवाला दुसरी गाडी लावंल, मिस्त्री!”

मिस्त्रींनी एकदा प्रेमदासकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मित्रांनो, त्यांना सगळे माहीत होते, आणि म्हणूनच पुढे त्यांनी जे केले ते मला आवडले नाही. शेवटी त्यांनी मला धुऊन इंजिनावर बसवले. रबरी नळीला एक चिमटा आवळला, म्हणजे पेट्रोल जरा कमी येईल. पंपाची वायर सरळ चावीला जोडली. चावी चालू की पंप चालू, मग इंजिन फिरो किंवा न फिरो.

“तूर्तास चालंल,” ते म्हणाले. “सामान आलं की लगेच ये.”

प्रेमदासने चावी फिरवली. पेट्रोल माझ्या दारावर येऊन धडकले. मला झेपेल त्याच्या दहापट तो जोर होता. गाडी धावत असताना मी कसाबसा तग धरायचो, कारण इंजिन भराभर पीत असे. पण गाडी थांबली आणि चावी तशीच राहिली, की आवळलेल्या नळीतूनही जोर साठत यायचा. सुई थरथरायची. मग एक थेंब बाहेर पडायचा. त्याच्यामागून दुसरा.

सामान आले. मिस्त्रींनी दोनदा फोन केला. “उद्या येतो,” प्रेमदास दोन्ही वेळा म्हणाला. पुढे मिस्त्रींनीही फोन करणे सोडून दिले.

या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. म्हणून सगळ्यांत आधी वास आला तो पुढे बसणाऱ्या शिलाला, प्रेमदासच्या बायकोला.

“अवो, पेट्रोलचा वास येऊन राहिला.”

“नवं काम हाय. जाईल दोन दिवसांत.”

वास गेला नाही. एका सकाळी बायांनी नाकाला पदर लावला, तेव्हा प्रेमदासने गाडीत अगरबत्ती लावली. शिलाने ती दोन बोटांनी चिमटून विझवली आणि खिडकीबाहेर फेकली. “काहून लावता हे? वासावर वास कशाला पायजे? मिस्त्रीला दाखवा ना!” प्रेमदास हसला. बोनटखाली नव्हे, अगदी त्यांच्या बुडाखाली मी रोज ओला होत होतो आणि मला ओरडता येत नव्हते.

तो दिवस मार्चमधला होता. दुपारी हळदीचे काम आटोपून नऊ बाया गाडीत बसल्या. मागच्या कोपऱ्यात प्रेमदासची आई भिकाबाई होती. तिचे गुडघे धरलेले, त्यामुळे तिला चढ-उतर अवघड जायची. सेनगावच्या रस्त्यावर इंजिन अडखळले आणि बंद पडले. तेवढ्यात शेतवाल्याचा फोन आला. प्रेमदास तसाच बसून बोलू लागला. चावी चालूच होती.

पंप ढकलत राहिला. माझी सुई खाली ढकलली गेली ती परत बसलीच नाही. पेट्रोल माझ्या अंगावरून तापलेल्या इंजिनावर वाहू लागले. मी मनात म्हणत होतो, कुणीतरी चावी बंद करा, कुणीतरी खाली बघा.

शिलाने पाय उचलला. “पायाखाली ओलं काय हाय?” तिने बोटे नाकाशी नेली आणि ती किंचाळली. “उतरा! सगळ्याजनी उतरा!” तिने खाली उडी मारून बाजूचे दार सरकवले. बाया एकमेकींना ओढत बाहेर पडल्या. भिकाबाई मात्र सीटचा दांडा धरून उठायचा प्रयत्न करत होती.

“काई न्हाई, पेट्रोल जास्त झालं,” प्रेमदास फोन ठेवत म्हणाला. “एक सेल्फ मारतो.”

“चावीला हात लावू नका!”

पण त्याने चावी फिरवली होती. खाली एक बारीक ठिणगी उडाली, आणि मग मला फक्त उजेड दिसला.

“याडी!” प्रेमदास ओरडला. तांड्यावर आईला याडी म्हणतात. तो पेटत्या सीटवरून मागे गेला, त्याने आईला उचलले आणि तो दारातून बाहेर पडला. भिकाबाईला ओरखडाही आला नाही. प्रेमदासचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

महिन्याभराने तो आणि शिला गॅरेजात आले. त्याच्या हातांना अजून पट्ट्या होत्या. जळकी व्हॅन दारात उभी होती. गावात सगळे म्हणत होते, जुना कार्बोरेटर फुटला म्हणून आग लागली. मित्रांनो, भाजल्यापेक्षा त्या बोलण्याने मला जास्त दुखले. मिस्त्रींनीही त्या बोलण्याला होकार दिला असता तर विषय तिथेच मिटला असता.

त्यांनी मला उघडले. सुई तळहातावर घेतली. “बघ, साबूत हाय. ह्याचा काई दोष न्हाई. मला माहीत असून मी गाडी तुझ्या हवाली केली. चूक माझी हाय.”

“तुमी दोनदा फोन केला व्हता,” प्रेमदास खाली पाहत म्हणाला. “मीच आलो न्हाई.”

शिला दारातल्या जळक्या व्हॅनकडे पाहत होती. तिने विचारले, “मिस्त्री, अशा अजून किती गाड्या केल्या तुमी?”

मिस्त्रींचा चेहरा उतरला. “एक,” ते म्हणाले. “पांढरी. मागच्या साली. मालकानं ती विकून टाकली. आखाडा बाळापूरकडं गेली म्हनतात.”

तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी विश्वंभर मिस्त्री पिशवीत रेग्युलेटर आणि नळी घेऊन बाळापूरला जातात. उभ्या असलेल्या प्रत्येक पांढऱ्या व्हॅनपाशी वाकून वास घेतात. लोक हसतात. संध्याकाळी ते परत येतात आणि पिशवी जशीच्या तशी टेबलावर ठेवतात. ती व्हॅन अजून सापडलेली नाही.

तिच्यातही माझ्यासारखाच एक कार्बोरेटर आहे. या घडीला तो कुठल्या तरी थांब्यावर उभा असेल, चावी चालू असेल आणि त्याची सुई थरथरत असेल. मित्रांनो, त्या गाडीत कदाचित तुम्हीच बसलेले असाल. वास आला तर लाजू नका, आणि मोठी माणसे हसली म्हणून गप्प राहू नका. चावी बंद करायला सांगा, पुन्हा फिरवू देऊ नका. आणि ज्यांना उतरायला वेळ लागतो, त्यांना आधी खाली उतरवा.