पिंजऱ्यातल्या अक्षता

दुर्गपासून रायपूरपर्यंत कुठल्याही मराठी लग्नात पिंपळापुऱ्यांनी मंगलाष्टकं म्हटली नाहीत, तर लग्न लागलं याची खात्री लोकांना पहिलं मूल झाल्यावरच पटायची. मारोतराव पिंपळापुरे भिलाईच्या प्लांटमधून रिटायर झाले, पण मंगलाष्टकांतून त्यांना कोणी रिटायर केलं नाही. मुलगी कमलिनी म्हणायची, मुलगा प्रशांत म्हणायचा, आणि नात प्रणिता तर नवव्या वर्षी एका श्वासात चारही ओळी म्हणून नवरीच्या आईला रडवायची.

पुढे प्रणिता लोकांना दुसऱ्या पद्धतीनं रडवायला लागली. आधी ज्युडो, मग मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे लाथ, बुक्की आणि कुस्ती एकाच तिकिटात. पाच फाइट झाल्या. तीन जिंकल्या, दोन हरल्या. पेपरात मात्र पाचही वेळा 'मंगलाष्टकवाल्या पिंपळापुऱ्यांची नात' एवढंच आलं. इंदूरला तर तिच्या नाकात कापूस कोंबता कोंबता डॉक्टरांनी विचारलं होतं, बारा डिसेंबरला आजोबा मोकळे आहेत का?

सहावी फाइट भिलाईतच ठरली, नेहरू नगरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये. आजोबांनी, म्हणजे आबाजींनी, अट घातली.

"हारली तं तुळशीच्या लग्नापासून माईक तुझ्या हाती. मले आता दम पुरत नाही."

"अन् जिंकली तं?"

"तं मी पुन्हा विषय नाही काढत."

प्रणितानं त्या दिवसापासून भातही सोडला.

लोकांना बोलावायचं काम कमलिनी आत्यानं घेतलं. आत्याला एकाच प्रकारची पत्रिका लिहिता येत होती. व्हॉट्सॲपवर ती गेली अशी: वर गणपती, खाली 'आमची चि. प्रणिता हिचा सामना हिसार येथील चि. सुदेश हिच्याशी सायंकाळी पाच वाजून सतरा मिनिटांच्या शुभमुहूर्तावर योजिला आहे', आणि शेवटी 'कृपया आहेर आणू नये'.

दोनशे माणसं आली. बायका काठाच्या साड्यांत, दोघे-तिघे फेटे बांधून. आत्या दारात ताट घेऊन उभी होती. तिनं सवयीनं प्रत्येकाच्या मुठीत अक्षता दिल्या, आणि लोकांनी सवयीनं घेतल्या. विचार कोणीच केला नाही.

प्रणिता आणि सुदेश जाळीच्या पिंजऱ्यात शिरल्या आणि म्युझिक सिस्टीम बंद पडली. वेळ काढायला निवेदकानं पहिल्या रांगेतल्या आबाजींपुढे माईक धरला. "दादाजी, दो शब्द."

आबाजी माईकवर दोन शब्द कधीच बोलले नव्हते. ते उभे राहिले आणि खास या प्रसंगासाठी रचलेलं मंगलाष्टक त्यांनी लावलं. शार्दूलविक्रीडितात 'नॉकआउट' बसवायला त्यांना चार दिवस लागले होते. शेवटी आवाज चढला, "शुभमंगल सावधान!"

दोनशे मुठी उघडल्या.

"ये क्या है?" सुदेशनं विचारलं.

"चावल."

"क्यों?"

याला उत्तर होतं, पण ते लहानपणापासून सांगावं लागलं असतं. सुदेशनं केसांतले दाणे काढून कपाळाला लावले.

हॉलच्या तेजरामभाऊंनी वीस मिनिटं झाडू मारला. तेवढा वेळ प्रणिता कोपऱ्यात उभी राहून एकच गोष्ट मनात घोळवत होती. हरले तर जन्मभर हेच.

पहिली फेरी बरोबरीत गेली. दुसऱ्या फेरीत सुदेशनं लाथ उगारली आणि आबाजी खुर्चीतून ओरडले, "सावधान!"

त्यांना खरंच सावधान म्हणायचं होतं. पण दुसऱ्या मंगलाष्टकासाठी अक्षता राखून ठेवणारी अनुभवी माणसं हॉलमध्ये बरीच होती. पुन्हा पाऊस पडला. प्रणिताची टाच तांदळावरून सरकली, ती पाठीवर आपटली, आणि सुदेश तिच्या छातीवर बसली.

"घाबरू नको, श्वास सांभाळ!" कोच नरेश जाळीपलीकडून ओरडला. सुदेशच्या वजनाखाली भल्याभल्यांचा दम मिनिटाभरात संपतो, हे त्यानंच सांगितलं होतं. प्रणितानं डोकं हातांत लपवलं आणि मनातल्या मनात मंगलाष्टक सुरू केलं. एक श्वास, चार ओळी. मग दुसरं. तिसऱ्याला सुदेशच धापा टाकायला लागली. नीट बसायला ती जराशी उठली, तेवढ्यात प्रणितानं तिचा हात दोन्ही पायांत अडकवून कोपर उलटं ताणलं. सुदेशनं चटईवर तीनदा थाप मारली. हरले, सोड.

निवेदकानं नुसतं "प्रणिता पिंपळापुरे!" म्हटलं. पुढे कोणाची कोण, काही नाही. ते तिला फार गोड लागलं.

"आबाजी, मधातच सावधान काऊन म्हटलं?"

"तुलेच म्हटलं होतं. तू सोडून सगळ्यांनी ऐकलं."

सुदेश कोपराला बर्फ लावून आली. फेब्रुवारीत तिचं लग्न होतं आणि तिला हे चावलवालं गाणं हवं होतं. "तू गाएगी?"

आबाजी शब्दाला जागून छताकडे बघत होते.

"फरवरी में मेरी फाइट है," प्रणिता म्हणाली. "ये गाएँगे. ओरिजिनल हैं."

"मले दम..." आबाजी म्हणाले.

"तीन श्वासांत म्हणा. हिसारले कोन मोजून राहिलं?"

सुदेशनं नंबर घेतला. आबाजींनी चष्मा कपाळावर चढवून तिच्या फोनमध्ये डोकावलं. तिनं लिहिलं होतं: 'प्रणिता के दादाजी, चावलवाले'.

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "राहू दे."