गुरुवारी न रडणारा वड

सकाळी सहाला गल्लीच्या टोकाचा वड रडायला लागे आणि सव्वासातला गप्प होई. इतका वेळशीर शोक गल्लीत कुणाच्या घरी झाला नव्हता. खोडाला कमरेएवढ्या उंचीवर ढोली होती. तिच्यातून पाणी झिरपे आणि समोरची रांग थेट पोस्टापर्यंत जाई.

ढोलीशेजारी खुर्ची टाकून अश्रूमहाराज बसत. पूर्वी ते इथेच छत्र्या दुरुस्त करत. पण बारा महिने पानं न झडणाऱ्या झाडाखाली छत्रीची आठवण कुणाला होणार? त्यांनी धंदा बदलला. वृक्ष जगाच्या दुःखानं रडतो, हे अश्रू डोळ्यांत घातले की दृष्टी उजळते, गुरुवारी मात्र वृक्षाचं मौन असतं, असं ते सांगत. अश्रू फुकट होते. बाटली तेवढी महाराजांचीच लागे. घरच्या बाटलीत अश्रूंना परकं वाटे.

पाणीखात्याच्या प्लंबरला या दुःखाशी काही देणंघेणं नव्हतं. पण रांगेत त्याची थोरली बहीण उभी राहू लागली. ताई शिवणकाम करायची, आणि तिला काचबिंदू होता. डॉक्टरीणबाईंनी औषधाचे थेंब एक दिवसही चुकवू नका म्हणून बजावलं होतं. ताईनं ती बाटली कपाटात टाकली त्याला चार महिने झाले. काचबिंदू दुखत नाही, म्हणून गुण येतोय अशी तिची खात्री. हल्ली तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटे, तो दोष चौकटीचा.

भाऊ समजवायला गेला, तर म्हणाली, "तुला नळापलीकडे काय कळतं रे?"

खरंच कळत नव्हतं. जे कळत होतं ते असं: गल्लीला पाणी सहाला येतं, सव्वासातला जातं, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी बंद असतं. रांगेतली निम्मी माणसं घरी नळाखाली बादली लावूनच इथे येत होती.

बुधवारी साडेसहाला त्यानं ताईला रांगेतून बाहेर काढलं, झाडामागचं लोखंडी झाकण उचललं आणि व्हॉल्व्हची चावी तिच्या हातात दिली.

"फिरव."

ताईनं फिरवली. वड रडायचा थांबला.

"कुणीतरी शंकेखोर आलाय," महाराज म्हणाले. "वृक्ष रुसला."

"मग त्याची समजूत काढा महाराज. आम्ही थांबतो."

महाराजांनी डोळे मिटून चांगली पाच मिनिटं समजूत काढली. वड बधला नाही.

"ताई, आता तू काढ बघू."

तिनं चावी उलटी फिरवली. ढोली वाहू लागली. ताईनं पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा तर भावानं सांगितलंही नव्हतं.

मग त्यानं सगळ्यांना समजावलं. वडाची मुळं ओल शोधत जातात. इथे ती जुन्या पाइपाच्या सांध्यात शिरली होती. दाब आला की पाणी मुळांच्या फटींतून पोकळ खोडात चढत होतं. दाब गेला की त्याच सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी पाइपात ओढलं जात होतं. नुकतेच अश्रू घातलेले एक गृहस्थ घाईघाईनं डोळे पुसू लागले.

"म्हणजे आमच्या नळाला धार नाही ती याच्यामुळे?" मागून एक बाई म्हणाल्या. तेव्हा कुठे गल्ली खवळली. दृष्टीचं ठीक होतं, पण पाण्याचा दाब म्हणजे फारच झालं. गोंधळात महाराज खुर्ची उचलून निघून गेले.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासलं. डाव्या बाजूचं जे दिसेनासं झालं ते परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी टिकेल, असं त्या म्हणाल्या.

वडानं कुणालाच फसवलं नव्हतं. सावली देणं, पाखरांना फळं देणं आणि पाणी शोधणं ही त्याची कामं. ती तो चोख करतो. डोळे बरे करणं त्यानं कधी अंगावर घेतलं नव्हतं. चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारावं: हा कधी होतो, कधी होत नाही, आणि त्याच वेळी आणखी काय सुरू किंवा बंद होतं? विचारायला पैसे पडत नाहीत. उशिराचे पडतात. डाव्या बाजूनं कुणी हाक मारली, तर ताईला आता अख्खी मान वळवावी लागते.