अर्धा इंच जास्त

माले गावात बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या नलिनीला पाठ चांगली कळते, हे किशोरला ठाऊक नव्हतं. भुकूमच्या नव्या इमारतीतला त्याचा दवाखाना म्हणजे एक पलंग, एक एसी आणि भिंतीवर कण्याचं चित्र. आठ महिने दर शनिवारी नलिनीचा नवरा कैलास तेरा वर्षांच्या लेकीला, सृष्टीला, तिथे आणत होता. पोरीचा कणा एका अंगाला वाकत चालला होता. पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वाढ चालू आहे तोवर पट्टा बांधा, नाहीतर पुढे ऑपरेशन. पण पट्ट्याचं नाव काढलं की कैलासचं डोकं फिरायचं. किशोर मात्र नुसत्या हातांनी कणा सरळ करून देणार होता. कैलासला तो देवमाणूस वाटला.

नलिनीला तो मेला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. जूनमध्ये गणवेश शिवताना सृष्टीच्या पाठीच्या उजव्या बाजूला पाव इंच कापड जास्त लागलं होतं. परवा गॅदरिंगचा झगा बेतताना अर्धा इंच लागलं. तिने कुणाला न विचारता एक्स-रे काढून आणला. चोवीस अंशांचा बाक सदतीसवर गेला होता.

शनिवारी तिने ती फिल्म किशोरच्या पलंगावर आपटली.

"ताई, एक्स-रेवर जाऊ नका," किशोर हसत म्हणाला. "स्नायू किती मोकळे झालेत बघा. घरचे व्यायाम कमी पडले असतील."

"माज्या पोरीवर ढकलू नगा! तुमी हात फिरवत बसलाय आन् तितं हाड वाकतंय."

"नलिनी, त्वांड आवर," कैलास खेकसला. "पोरीलाच इचार. दर बारीला बरं वाटतंय म्हनती का न्हाई?"

तिघांनी सृष्टीकडे पाहिलं. ती पलंगाच्या कडेला मान खाली घालून बसली होती.

"न्हाई वाटत, पप्पा. कवाच न्हाई वाटलं."

"मग इतके दिस खोटं का बोललीस?"

"पट्टा बांदला तर मला लग्नकार्याला न्हेनार न्हाई, म्हनला हुता तुमी."

किशोर एसीचा रिमोट शोधू लागला. नलिनीच्या तोंडाशी आलेल्या शिव्या तिथेच राहिल्या. कैलास ते बोलला, तेव्हा ती शेजारीच भाकऱ्या थापत होती आणि तिने हूं की चूं केलं नव्हतं.